आमच्या विमानाने केलेली शोभा

चारचौघांत सांगायला लाज वाटावी असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तुम्ही फक्त काहीतरी मोठं करायला घ्या आणि ते आधीच नातेवाइकांना सांगून ठेवा! बाकीचं आपोआप होतं. आम्ही तिघांनी हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका भाड्याच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, त्यामुळे आमच्याकडे असे किस्से पोत्याने आहेत.

तिघं म्हणजे अनंतराव, सलीम आणि मी. अनंतराव कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सलीमचा कोठीत दातांचा दवाखाना. मी कॉलेजात गणित शिकवायचो. अनंतरावांनी लहानपणी बेगमपेटला एक पिवळं विमान पाहिलं होतं. कापडी पंख, दोन सीट, एकामागे एक. तसंच, पण आणखी हलकं विमान हाताने बांधायचं, हा त्यांचा ध्यास. देशाची दारं नुकतीच उघडली होती. बाहेरून इंजिन मागवता येत होतं. तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं, आता काहीही होऊ शकतं. आम्हालाही वाटलं. तिथेच फसलो!

*

पंखांवर खरं कापड चढवण्याआधी मापं बसवून बघायला साधं पांढरं कापड हवं होतं. आम्ही अफझलगंजला गेलो. दुकानदार म्हातारा, पांढरी दाढी. तीन गंभीर चेहऱ्यांची माणसं अख्खा तागा पांढरं कापड मागतायत म्हटल्यावर त्याने रेडिओ बंद केला. पोराला चहा आणायला पाठवलं आणि हळूच विचारलं, "कौन गुजर गए, साब?"

आता विमानाचं कुठून सांगणार? सलीमने मान खाली घालून सांगून टाकलं, "दूर के रिश्तेदार."

म्हाताऱ्याने आमच्यासाठी दुवा मागितली. आम्ही चहा प्यायलो. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, आणि त्यात साखर भरपूर होती!

पुढे दुसऱ्या पंखाला कापड कमी पडलं. पुन्हा त्याच दुकानात. आम्हाला पायरीवर बघूनच म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

"फिर से? अल्ला रहम करे! तुमारे घर में हो क्या रा, साब?"

*

इंजिन आलं ते सलीमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर, कारण दिवसभर माणूस आणि फोन फक्त तिथेच असायचे. खोका आला तेव्हा सलीम एका बाईंची दाढ तपासत होता. त्यांच्या तोंडात आरसा तसाच ठेवून तो बाहेर धावला. हमालांकडून खोका आत, थेट खुर्चीशेजारी आणवला, फळ्या उचकटल्या आणि पोरासारखा ओरडला,

"आ गई मशीन! अब देखो इसका जोर!"

बाईंनी आ वासलेल्या तोंडाने एकदा इंजिनकडे बघितलं, एकदा सलीमकडे. मग गळ्यातल्या कापडासकट उठल्या आणि निघून गेल्या. बाहेर बाकावर बसलेले तीन पेशंटही गेले.

सलीम दारापर्यंत गेला. म्हणाला, "बाईजी, ये तुमारे वास्ते नै! जाओ नक्को!"

त्या वळल्यासुद्धा नाहीत. पुढे कधी कोठीच्या बाजारात दिसल्या, तर सलीम रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

*

दसऱ्याला शस्त्रपूजेत विमानाचीही पूजा करायची ठरली. अनंतरावांची बायको कुसुमताई झेंडूच्या माळा घेऊन आल्या. गुरुजी आले. फोटोसाठी अनंतराव आत बसले आणि हौसेने पट्टा लावून घेतला. पट्टा जुन्या जीपचा. बक्कल काही सुटेना!

मी ओढलं, सलीमने दाभणाने टोकरलं. गुरुजींना अजून चार कारखान्यांत जायचं होतं. ते म्हणाले, "असू द्या. एकत्रच करू." त्यांनी प्रोपेलरला हळदकुंकू लावलं, चाकाला लावलं, मग अनंतरावांच्या कपाळाला लावलं. एक माळ विमानाला, एक यांना. शेजारच्या शेडमधली सगळी माणसं दारात उभी होती. त्यातल्या एकाने अनंतरावांना वाकून नमस्कारही केला!

शेवटी पट्टा कापला. अनंतराव कपाळ पुसत उतरले आणि तडक मागच्या खोलीत गेले. प्रसाद आम्ही दाराखालून सरकवला.

*

अनंतरावांचा पुतण्या निखिल कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आला होता. पहिल्याच रविवारी नवी कोरी गाडी घेऊन शेड बघायला आला. तोवर सांगाडा पुरा झाला होता, पंख लागले होते, पिवळा रंगही चढला होता. अनंतराव बाजूला उभे राहिले. त्यांना कौतुक ऐकायचं होतं.

निखिलने विमानाभोवती एक फेरी मारली. पंखावर टिचकी मारली.

"मस्त झालंय हो काका, मॉडेल! खरं केवढं असेल?"

*

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं, तो दिवस तर विसरणंच शक्य नाही. लोकल केबलवाला कॅमेरा घेऊन आला होता. अनंतराव भर उन्हात चामड्याचं जाकीट घालून उभे. विमान शेडबाहेर काढलं, चाकांखाली विटा लावल्या, शेपूट दोरीने बांधलं. फक्त शेपटामागे काय आहे, ते कोणी बघितलं नाही!

मागे लक्ष्मम्माचं अंगण होतं. तिचा आणि चार बायकांचा पापडाचा धंदा. खाटांवर, चादरींवर पापड वाळत घातलेले.

इंजिनने एक झटका दिला, दुसरा दिला, आणि असं सुरू झालं की आम्ही तिघांनी मिठ्या मारल्या. मागे वळून बघितलं तर आकाशात पापड! काही तारांवर, काही रस्त्यावर, काही लॉऱ्यांच्या चाकांखाली. अनंतराव हातवारे करत इंजिन बंद करायला धावले.

लक्ष्मम्मा कमरेला पदर खोचून आली. वाटलं, आता मार खातो. तिने आधी विमानाकडे पाहिलं, मग तारेवरच्या पापडाकडे.

"मी विमानं एगरलेदु," ती तेलुगूत म्हणाली, "मा अप्पडालु एगिरायि!"

तुमचं विमान उडालं नाही, आमचे पापड उडाले!

बायका हसल्या. आम्हाला हसता येईना, कारण त्यांची सगळी मेहनत रस्त्यावर पडली होती. पुढचा रविवार आम्ही तिघं तिच्या अंगणात पापड लाटत बसलो. माझे पापड तिने परत गोळा करून मळले. केबलवाल्याने तेही दाखवलं. सोमवारी वर्गात शिरलो, तर फळ्यावर एक गोल काढलेला होता. मी तो पुसला.

*

शेवटी परवानगी आली. शहराबाहेरच्या एका धावपट्टीवर आम्ही विमान नेलं. एक निवृत्त कॅप्टन चालवणार होते. अनंतरावांनी यच्चयावत नातेवाइकांना बोलावलं होतं. निखिल कॅमेरा घेऊन आला. कुसुमताई पुरीभाजीचा डबा घेऊन आल्या.

कॅप्टनने आधी एकट्याने तीन फेऱ्या मारल्या. विमान उडालं! खरंच उडालं! सलीम रडत होता. कॅप्टन उतरले आणि म्हणाले, "चला अनंतराव, आता तुम्ही."

टाळ्या वाजल्या. अनंतराव पुढच्या सीटवर बसले, कॅप्टन मागे. मी पट्टा लावून दिला. इंजिन सुरू झालं. विमान जागचं हललं, तोच अनंतरावांनी हात वर केला. कॅप्टनने इंजिन बंद केलं.

"मला उतरायचंय," अनंतराव म्हणाले.

ते हळू बोलले होते, पण इंजिन बंद होतं. सगळ्यांना ऐकू गेलं. सगळं आयुष्य त्या विमानाबद्दल बोललेला माणूस खाली उतरला आणि पंखाखाली, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. निखिलने कॅमेरा खाली घेतला.

कुसुमताईंनी डबा माझ्या हातात दिला. पदर खोचला. "कॅप्टनसाहेब, मी बसले तर चालेल?"

विमान वर गेलं. तलावावरून वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं. खिडकीतून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि खाली एकेकाकडे बोट करून हलत राहिला. निखिलकडे, सलीमकडे, माझ्या हातातल्या डब्याकडेसुद्धा! फक्त अनंतराव वर बघत नव्हते.

विमान उतरलं. सगळे धावले. तरी अनंतरावच आधी पोचले. त्यांनी हात पुढे केला. कुसुमताईंनी तो घट्ट धरला, खाली पाय टेकवला, आणि त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या. डबा घेऊन मी शेजारीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"काही दिसलं नाही हो मला. सगळा वेळ डोळे मिटूनच बसले होते."