प्रसादाचा फाया

ही हकिकत मी कित्येक वर्षे कुणाला सांगितली नाही. विषय निघाला की उठून जायचो. पालमजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन असते. मी पखवाज वाजवायचो आणि किसन टाळ धरायचा. एके वर्षी मला त्याचा टाळ नीट ऐकू येईना, ठेका सुटू लागला. भरल्या देवळात मी हात थांबवून म्हणालो, "किसन, तुझा टाळ मागं पडायलाय. हात गेला तुझा. ठेव खाली." त्याने टाळ देवापुढे ठेवला आणि तो निघून गेला. तरी माझा ठेका काही जमेना. देवच रुसला, असे वाटू लागले.

पुढे एकदा परभणीला गेलो होतो. बसस्टँडवर मागे येणारी एसटी मला कळलीच नाही. एका अनोळखी बाईने दंडाला धरून ओढले आणि ती कानाशी ओरडली, "आबा, बहिरे हाव का काय? हार्न वाजवून ड्रायव्हर दमला की!" ती लेकीला कानाच्या डॉक्टरकडे नेत होती. "तुमी बी चला," म्हणत तिने मला नेलेच. माझा नंबर लागेपर्यंत ती निघूनही गेली.

डॉक्टर तरुण होते, कपाळावर दिवा बांधलेला. माझा उजवा कान लहानपणापासूनच मंद. त्यांनी दोन दात्यांचा एक लोखंडी काटा आपटून डाव्या कानाजवळ धरला. काही नाही. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला आणि माझे सगळे डोके नादाने भरून गेले. मी चकित झालो. कान बंद, मग हा नाद शिरला कुठून?

"काका, आतला कान ठणठणीत हाय. वाट बुजलीय फक्त," ते कानाशी मोठ्याने म्हणाले.

बारीक चिमट्याने त्यांनी एक काळा गोळा काढला. त्याला अजून हिन्याचा वास होता. तेव्हा आठवले. सप्ताहाच्या काल्याला मिळालेला अत्तराचा फाया! प्रसाद पायदळी जाऊ नये म्हणून मीच तो बोटाने डाव्या कानात खोल सारला होता, आणि कान जड झाल्यावर वरून लसणाचे तेल ओतत राहिलो होतो. डॉक्टर हसले, "प्रसाद खिशात ठेवत जा."

पंखा घरघरत होता, तोही मला गोड वाटला. देव रुसला नव्हता, वाट मीच बुजवली होती. ती बाई नेमकी तिथे कशी आली, याचे मला अजून कुतूहल आहे. पण धरणाऱ्याने दंड धरला की मुकाट मागे चालावे, एवढे शिकलो. त्या हाताचे उपकार फिटायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी किसनकडे गेलो. "या महाराज! आज कुणाचा हात गेला?" म्हणत त्याने घोंगडी अंथरली. चहा झाला. मी एवढेच बोललो, "शनिवारी ये."

तो आला. भजन रंगले. लोक म्हणाले, "किसनचा हात सुधारला बघा." किसन माझ्याकडे पाहत राहिला. आता तो या जगात नाही, पण गावात अजून तसेच बोलतात. त्याचा हात कधी बिघडलाच नव्हता, कान माझा बंद होता, एवढेच तेव्हा सगळ्यांसमोर म्हणायचे होते. पण मी मान खाली घालून पखवाजाच्या पुडीवरची कणीक खरवडत बसलो.