तिच्या नावाच्या बाटल्या

माझ्या बायकोला मधुमेह होता. लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, वर्षातून एकदा तपासणी असे, आणि तिथे सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून न्यावी लागे. ती उठल्या उठल्या आंघोळ करून देवपूजेला बसायची. बाटली भरायची राहूनच जायची.

"अहो, तुम्हीच भरा ना," एकदा ती घंटा हातात धरून म्हणाली. "साखर माझी, बाटली तुमची. पूजा सोडून आता त्या घाणीला हात लावू का?"

मी हसलो आणि भरली. मला मधुमेह नव्हता. रिपोर्ट स्वच्छ आला.

दुसऱ्या वर्षी बाटली द्यायला मी एकटाच गेलो. नर्सने मला समजावून सांगितलं, की मूत्रपिंड बिघडू लागलं की लघवीतून प्रथिन गळायला लागतं. रक्तात काही दिसण्याच्या कितीतरी आधी ते इथे दिसतं आणि तेव्हा औषधांचा उपयोग होतो. तिच्या हातातल्या बाटलीवर माझ्या बायकोचं नाव होतं. मी मान डोलावली आणि घरी आलो. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. नर्ससमोर खोटं कबूल करायची लाज वाटली, एवढंच कारण. त्यानंतर आणखी दोन वर्षं मीच बाटली भरत राहिलो.

पुढे तिच्या पायांना सूज आली. रक्त तपासलं तेव्हा फार थोडं हाती उरलं होतं. मग आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. एका दुपारी मशीनला जोडलेली असताना तिने विचारलं, "त्या बाटलीत दिसलं असतं का हो?"

"छे गं," मी म्हणालो. "ती नुसती फॉर्मॅलिटी."

"मग ठीक," म्हणून तिने डोळे मिटले.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. आमची मुलगी इथेच जन्मली, बेसिंगस्टोकला नोकरी करते. तिने सर्जरीविरुद्ध, म्हणजे त्या जीपीच्या दवाखान्याविरुद्ध, तक्रार केली आहे. "बाबा, फोर इयर्स नॉर्मल! हाऊ? त्या नर्सने नक्की सॅम्पल मिक्स केला." नर्सची चौकशी चालू आहे. अंत्यविधीला येऊन ती नर्स माझा हात धरून म्हणाली होती, "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

ते चारही रिपोर्ट माझे आहेत. सर्जरीला तसं पत्र लिहून आज सकाळी पोस्टात टाकलं. त्याने नर्स सुटेल. बायकोच्या बाबतीत आता काही होण्यासारखं नाही.

मुलीला मराठी वाचायला कष्ट पडतात. रविवारी ती आली की हे मीच तिला वाचून दाखवणार आहे. इंग्रजीत सांगायला गेलो तर पुन्हा काहीतरी झाकीन. त्यानंतरच्या रविवारी ती येईल असं मला वाटत नाही.