हौसाआजीची चिमूट

हौसाआजीच्या हातचं कालवण जेवलेला पाहुणा पाण्याचा तांब्या काही खाली ठेवत नसे. तिचा तरी काय दोष? उभा जन्म कासूकडच्या मिठागरात गेला. इतरांच्या मुठीत मावेल तेवढं मीठ हिच्या चिमटीत मावायचं. कुणी खारट म्हटलंच, तर त्याच्याच तोंडाची चव गेली असं ती बेधडक सांगायची.

तर त्या दिवशी तिचा वर्षाचा नातू हर्षद जुलाबांनी पार मलूल झाला. सकाळपासून लघवीही नाही. आजीने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, पण फरक पडेना. मग गावातली आशा सेविका दिपिका आली. पोराच्या अंगातलं पाणी कमी झालंय, म्हणाली. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून चमचा चमचा पाजत राहायला सांगितलं. दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर मात्र थेट पेणचा दवाखाना, मी रिक्षा सांगून ठेवते, असं बजावून ती शेजारच्या घरी गेली.

सून नमिता पोराला घेऊन बसली, पाणी आजीने कालवलं. चाखलं आणि तिचं टाळकंच सरकलं. एवढ्या मोठ्या सरकारला मीठ महाग झालं? तिने मडक्यातलं खडेमीठ घेतलं आणि आपली ती चिमूट टाकली.

नशीब, नमिता सासूला ओळखून होती. तिने आधी स्वतः घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळं पाणी मोरीत ओतलं. दोघींची अशी जुंपली की दिपिका धावत परत आली. जास्तीचं मीठ तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं, हे ऐकल्यावर मात्र आजीचा चेहरा उतरला. दिपिकाने दुसरी पुडी कालवली.

"आजी, हे पाणी डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नाय."

"मना काय ठावं त्याची चव? मी कवा रडलेच नाय."

हे खरंच होतं. नवरा गेला तेव्हाही गावाला तिचे डोळे कोरडेच दिसले होते.

आजी नातवाला मांडीवर घेऊन निमूट पाजत बसली. दुपार झाली, दारात रिक्षा येऊन उभी राहिली. आजीने पोराला पोटाशी घेतलं. आता उठायचं, तेवढ्यात हर्षदने तिच्या कोऱ्या लुगड्यावर भरभरून धार सोडली.

नमिता हसत सुटली. आजीच्या गालांवरून पाणी ओघळून ओठांवर आलं. तिने जीभ फिरवली, जरा विचार केला.

"दिपिका गो, ह्यातपन मीठ कमीच हाय."