कृषी प्रदर्शनातले आमचे मामा

कृषी प्रदर्शन ही गोष्ट जगातल्या कुणीतरी केवळ माझ्या ताईच्या सासऱ्यांसाठी काढली असावी, असं माझं ठाम मत आहे. बाकीची माणसं तिथं जातात ती नुसती गर्दी दिसावी म्हणून. ताई त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. कुरुंदवाडला नदीकाठी त्यांचा ऊस आहे, थोडा भाजीपाला आहे, अंगणात एक म्हैस आहे. अंगानं किडकिडीत, डोक्याला पांढरी टोपी, पायात करकर वाजणारं पायताण, आणि आवाज असा की नदीच्या अलीकडून बोलले तर पलीकडचा गडी वळून बघेल. थंडी पडली आणि कोल्हापुरात प्रदर्शनाचे फलक लागले, की माझा फोन वाजलाच म्हणून समजा. "पावणं, मांडव घातला काय?" मी 'घातला' म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा राजारामपुरीत माझ्या दारात हजर. प्रदर्शन संपेपर्यंत मुक्काम आमच्याकडे, आणि मी ऑफिसला दांडी मारून त्यांच्यासोबत जायचं, हे कधी ठरलं ते मला माहीत नाही. पण मोडायची माझी छाती नाही.

इतर लोक प्रदर्शन बघतात. मामा ते हुंगतात, चाखतात, ठोकून बघतात आणि मग त्याच्याशी गप्पा मारतात. सेंद्रिय खताच्या स्टॉलवर ते मूठभर खत उचलून डोळे मिटून असा वास घेतात की शेजारची माणसं अत्तराचा स्टॉल समजून पुढं सरकतात. मातीच्या नमुन्यांपुढं तर काय बोलावं! शिरोळची माती, पन्हाळ्याची माती, कोडोलीची माती, अशा काचेच्या बरण्या एकदा ओळीनं मांडल्या होत्या. मामांनी तिथल्या साहेबांना विचारलं, "जिभंला लावून बगू काय?" साहेब हसले. त्यांना वाटलं पावणं चेष्टा करतंय. तोवर मामांची जीभ पन्हाळ्यावरनं शिरोळला पोचली होती.

एका साली तिकडं उत्तरेतनं भलामोठा मुऱ्हा रेडा आणला होता. त्याला काजू-बदाम चारतात म्हणे, रोज मालिश करतात म्हणे. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला ढकलाढकली करत होते. मामांनी फोटो काढला नाही. त्यांनी रेड्याच्या राखणदाराला गाठलं आणि आपल्या खास कोल्हापुरी हिंदीत चौकशी चालवली. "भैया, इसको इधर का पानी मानव्या क्या? रात को नींद लगती क्या? इतनी माणसं बघून कावता नहीं क्या?" त्या भैयाला या सगळ्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्याच्या रेड्याच्या झोपेची विचारपूस आजवर कुणी केली नसावी. तो विरघळलाच. दुपारी मामा परत रेड्याचं पोट कसं आहे ते बघायला गेले, आणि थोड्या वेळानं मी बघतो तर मामा आणि भैया एकाच बाकड्यावर बसून चहा पीत होते आणि आपापल्या भाषेत बोलत होते.

चर्चासत्राच्या मंडपात मामांची जागा पहिल्या रांगेत. वक्ता थांबला रे थांबला की हात वर, "सायेब, एकच बारका प्रश्न हाय." हा बारका प्रश्न त्यांच्या आजोबांच्या मोटेपासून सुरू होतो. एकदा ठिबक सिंचनावरचं भाषण चांगलंच लांबलं. मामा जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारे. ऊन उतरायला लागलं तसे ते चुळबुळायला लागले आणि शेवटी उभे राहून म्हणाले, "सायेब, तुमचं ठिबक लई चांगलं हाय, पर सूर्य काय थांबंना झालाय. जरा चार घास खाऊन येतो, तवर सभा सोडू नका." अख्खा मांडव हसला. आणि ऐका, ते साहेब खरंच थांबले! बचत गटाच्या बायकांकडनं भाकरी-पिठलं खाऊन मामा परत आले तेव्हा साहेबांनी राहिलेलं सगळं सावकाश सांगितलं. इतकं जीव लावून ऐकणारा माणूस त्यांना तरी कुठं भेटणार होता?

मधमाश्यांच्या काचेच्या पेटीपुढं तर मामा तासन्‌तास उभे असतात. मध ते जिभेवरही ठेवत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खात न्हाई, खरं. पर येवढी बारकी जित्राबं, त्यंचं काम बघायला काय पाप लागतंय व्हय?" त्यांचा कुठल्याही यंत्रावर लगेच विश्वास बसतो. नारळाच्या झाडावर चढायचं यंत्र त्यांनी बघितलं, स्वतः त्यात पाय घालून मंडपाच्या खांबावर दोन हात वर चढले, खाली उतरून विकतच घेतलं. घरी नारळाचं एकही झाड नव्हतं. ताईनं हे दाखवून दिल्यावर मामा दुसऱ्या दिवशी जाऊन दोन रोपं घेऊन आले. "झाडाला टाइम लागतोय बाई. यंत्र तर आलंय की!"

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसतो, पण माझा त्या माणसावर फार जीव आहे. मी एकटा गेलो असतो तर मला त्या मैदानात धूळ, कर्णे आणि पाइपांची भेंडोळी दिसली असती. मामांबरोबर गेलं की पाइपसुद्धा बघण्यासारखा असतो. 'यात काय नवीन' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना आतून खायची. मामी एकदाही प्रदर्शनाला आल्या नव्हत्या. इतकी वर्षं मामा बघतायत आणि मामी घरात. कारण एकच, म्हैस. त्यांची चंद्री मामींच्या हाताशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. ताईनं प्रयत्न केला तर बादली लाथेनं उडवली. चंद्रीच्या आधी तिची आई होती, तीही तसलीच. सकाळ-संध्याकाळ धारेला मामी पाहिजेतच, मग कोल्हापूर कुठलं? गेल्या थंडीत मामा माझ्याजवळ बसून म्हणाले, "पावणं, मी लई बघितलं. पर एकट्यानं बघितल्यालं अर्धंच की. आता तिचं गुडघं बोलाय लागल्यात. औंदा न्हाई तर कधी?"

आणि मग त्यांनी ती युक्ती काढली. प्रदर्शनात दुधाळ म्हशींची स्पर्धा असते. मामांनी चंद्रीचं नाव दिलं. म्हैस कोल्हापुरात म्हटल्यावर मामींना घरात बसायचं कारणच उरलं नाही! मामींना सांगितलं, चंद्रीचा पहिला नंबर येतोय, तुझ्याशिवाय ती दूध देणार न्हाई, चल. खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं, आणि सांगताना हा सत्तरीचा माणूस लाजला होता.

चंद्री टेम्पोतनं आली. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, मागं रेडकू, आणि टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून मामी. सकाळी धारेला पंच येऊन उभे राहिले. मामी बसल्या, पाणी मारलं, कास चोळली, आणि काय ती धार! बघ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. बादली भरत आली आणि मामी उठल्या. त्यांनी रेडकाचं दावं सोडलं.

"आजी, अजून एक सड राहिलाय," पंच म्हणाले. "सगळं काढायचं असतं, मोजायचंय."

"त्यो रेडकाचा हाय," मामी म्हणाल्या.

"स्पर्धेपुरतं काढा की. एक दिवस नाही पाजलं म्हणून काय होतंय?"

"त्येला काय ठावं, स्पर्धा हाय म्हणून? त्येचं त्यो पिणार." आणि रेडकू ढुशा देत प्यायला लागलंही. लोक पोट धरून हसले. नंबर गेला, हे तिथल्या तिथं कळलं. मी मामांकडं बघितलं, तर ते हसत होते. "आमच्या घरात चौथा सड रेडकाचा, पावणं. हिच्या सासूपास्नं. मला ठावंच हुतं. नंबर गेला खड्ड्यात, आता हिला फिरवून आणू."

पण मामी हलेनात. शेजारच्या गोठ्यात रेडा डुरकत होता, कर्ण्यावर गाणी, लहान पोरांचा कालवा. चंद्री बुजली होती, कान टवकारून दावं ताणत होती. मामींनी तिच्या मानेवर हात ठेवला की शांत, काढला की परत सुरू. "मी हितंच बरी हाय. तुमी या जाऊन," मामी म्हणाल्या. मामांनी विनवलं, मी विनवलं. टेम्पोवाला दुपारी निघायचं म्हणत होता. मामा गोठ्याच्या कडेला गवताच्या पेंडीवर बसले आणि बोलायचेच थांबले. मामा गप्प! मला ते बघवेना. समोर अख्खं प्रदर्शन, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती म्हशीला धरून उभी.

तेवढ्यात गांडूळ खताच्या स्टॉलवरच्या बाई मामांना शोधत आल्या. "मामा, आज अजून आला नाहीत? बरं नाही काय?" दर साली पहिल्याच दिवशी हजर असणारा माणूस दिसला नाही म्हणून त्या बघायला आल्या होत्या. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं. त्या तशाच माघारी गेल्या आणि काचेची गांडुळांची पेटी कडेवर घेऊन परत आल्या. त्यांच्या मागं रोपवाटिकेवाला ट्रे घेऊन, त्याच्या मागं फवारणीच्या ड्रोनवाला, म्हैस बुजू नये म्हणून ड्रोन न उडवता दोन्ही हातांत धरून. गोठ्यापुढं रांगच लागली.

बाईंनी पेटी मामींच्या पुढं धरली आणि समजावून सांगायला तोंड उघडलं, तर मामीच म्हणाल्या, "हे शेण खात खाली जात्यात, आन् खत वर टाकत्यात. भुकटी चहापत्तीवानी हुती. व्हय न्हवं?" बाईंनी मान डोलावली. ड्रोन आला. "हेच्या पोटाखाली टाकी अस्त्या. वारं असलं तर उडवाय येत न्हाई." ट्रेमधलं रोप बघून, "ही माती न्हवं, नारळाचा भुस्सा हाय."

"मामी, तुम्ही कधी बघितलं हे?" ड्रोनवाल्यानं विचारलं.

"मी कुठलं बघत्या? हे येऊन सांगत्यात की. दर साली. संध्याकाळी मी धार काढाय बसले की हे समोर बसून सुरू. चंद्रीलाबी पाठ झालं असंल."

सगळे हसले. मामांनी टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

यंदाच्या थंडीत मी कुरुंदवाडला फोन करून मामींना म्हणालो, या की परत, चंद्रीला घेऊन. मामी म्हणाल्या, "नगं बाबा. बघितलं की एकदा. चांगलं हुतं. पर ह्यांनी सांगितल्यालं त्यापरास मोठं हुतं."

मामा एकटेच आले. आता भरभर चालणं होत नाही, मंडपाच्या खांबाला धरून उभे राहतात. पण प्रत्येक स्टॉलवर ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात. सगळं ऐकून झालं, माणूस दमला, की हळूच म्हणतात, "सायेब, अजून एकदा सांगा. मला घरात जाऊन सांगायचं हाय."