परतीचं भाडं

गास गावच्या दयारामकाकांची घोडी राणी वरातीला पायीच जायची. काका लगाम धरून पुढे, ती मागे. यंदा त्यांच्या मुलाने, स्वरूपने, हिशेब मांडला. डांबरावर चालून नाल महिन्यात झिजतात, नवे ठोकायला हजार रुपये. शिवाय चालण्यातच संध्याकाळ जाते आणि एकच वरात होते. टेम्पोला जाऊन-येऊन अठराशे, पण वराती दोन.

"बघ करून," काका कुरकुरले.

पहिलीच वरात नायगावची. टेम्पोतून सकाळी मासळी उतरली होती, तळ अजून बुळबुळीत होता. त्याचा हिशेब कुणी मांडला होता? राणी चढेना. काकांनी पोती अंथरली, तिला चढवलं आणि तिची मान कवटाळून स्वतःही टेम्पोत मागेच उभे राहिले.

वाटेत रिक्षा आडवी आली. करकचून ब्रेक लागला, पोती सरकली आणि राणी पुढच्या गुडघ्यांवर आदळली. उठायला जावं तर पाय पुन्हा घसरत होते. काका ओरडत राहिले. पुढे केबिनमध्ये स्वरूप ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि गाणी लागली होती.

मांडवाशी टेम्पोचा मागचा फळका उघडला तेव्हा राणी थरथरत होती. गुडघे सोलवटून रक्त आलं होतं. बँड वाजत होता, नवरदेव तयार होता.

"हळद लावू, वर फडकं बांधू," स्वरूप कुजबुजला. "लग्नात घोडीचे गुडघे कोण बघतंय?"

काकांनी आगाऊ घेतलेले पैसे नवरदेवाच्या मामाच्या हातात ठेवले, त्याच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि लगाम धरून हळूहळू गासच्या वाटेला लागले.

"बाबा, टेम्पोचं परतीचं भाडं दिलंय!"

"मग तू बस," काका म्हणाले. "पुढे नाही. मागे."