गाळ्यातला एकांत

शेवटच्या वर्षाला आमच्या कला महाविद्यालयात वर्गात बसून, नेमून दिलेली चित्रं काढायची सोय संपते. आता प्रत्येकाने स्वतःची ‘वैयक्तिक प्रॅक्टिस’ उभी करायची, म्हणजे आपला विषय, आपली पद्धत आणि जमलं तर आपली जागा. जागेचा प्रश्न कुणी हॉस्टेलच्या गॅलरीत सोडवला, कुणी कसबा पेठेतल्या एखाद्या माळ्यावर. माझा प्रश्न वडिलांनी सोडवला आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आमचं गाव महापालिकेत गेलं, शेत बिल्डरकडे गेलं आणि त्या बदल्यात बंगल्याबरोबर रस्त्याला लागून एक गाळा आला. “परीक्षा व्हईपर्यंत गाळा तुझा,” वडील म्हणाले. “मग भाड्यानं देऊ.” मी हरखून गेले. शटर ओढून घ्यायचं आणि आत एकटीने रंगवत बसायचं, यापलीकडे मला काही नको होतं. काहीतरी करून दाखवलं तर परीक्षेनंतरही गाळा आपल्याकडे राहील, ही आशा मी पहिल्या दिवसापासून धरून बसले.

पण आमच्याकडे उद्घाटनाशिवाय काहीही सुरू होत नाही. सत्यनारायण झाला, नारळ फुटला, चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुक म्हणून सगळी भावकी, झाडून सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. तोवर मी एकही चित्र काढलेलं नव्हतं, तरी गावापुरती मी नामवंत चित्रकार झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून वडील माझ्याआधी येऊन शटर उघडू लागले. झाडलोट, उदबत्ती, मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी पोचेपर्यंत चुलते चहा घेत बसलेले असायचे.

“पोरी, हे काय हाय?” एका चुलत्यांनी कॅनव्हासकडे बोट दाखवून विचारलं.

“अजून ठरलं नाही, काका.”

“मग ठरल्यावर काढायचं की.”

कॉलेजात हेच मला भरपूर इंग्रजी शब्द घालून सांगितलं जायचं, त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही.

मग एक दिवस आमचे सर नारायण पेठेतून स्कूटरवर पाहणीला आले. एकेक कॅनव्हास पाहून झाल्यावर म्हणाले, “रंग चांगला लागलाय. भिंतीलाही असाच लागला असता.” नंतर त्यांची नजर खुर्च्यांकडे गेली. “आपण इथे काम करता, की सभा घेता? प्रॅक्टिसला एकांत लागतो. परीक्षक बाहेरून येणार आहेत, त्यांना काय ही चहाची व्यवस्था दाखवणार?”

वडिलांनी हे ऐकलं. त्यांचा अपमान झाला असेल म्हणून मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. पण त्यांनी ते काम म्हणून अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी खुर्च्या फुटपाथवर गेल्या, शटर अर्धं खाली आलं आणि वडील त्याच्यापुढे ठाण मांडून बसले. भाजीवाल्याला दम मिळाला, आईला डबा शटरखालून सरकवावा लागला. “हळू बोला, आत एकांत चाललाय,” असं ते दिवसभर इतक्या मोठ्याने सांगायचे, की शेवटी मला कानात इअरफोन घालावे लागले.

त्या वर्षी आमच्या वर्गात एकाकीपणाचा हंगाम होता. सगळेच मोठे, रिकामे, करड्या रंगाचे कॅनव्हास करत होते. मीही केले. मला एकाकी वाटायला जरा सवड मिळाली असती, तर ते कदाचित बरेही झाले असते.

परीक्षेच्या दिवशी सर मार्केट यार्डाच्या गर्दीत अडकले आणि परीक्षक त्यांच्याआधी पोचले. वडिलांनी त्यांना शटरपाशीच थोपवलं.

“अहो, मी परीक्षक आहे,” ते म्हणाले.

“असाल. पण आत कुणाला सोडायचं नाय, असं पोरीच्या सरांनीच सांगितलंय.”

मी आत इअरफोन घालून चित्रं सरळ करत होते. बाहेर परीक्षकांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, त्यांचं गाव कुठलं आणि जमीन किती याची चौकशी झाली. सर आले तेव्हा कुठे शटर वर गेलं. परीक्षकांनी माझे कॅनव्हास पाहिले.

“एकटेपणा?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळी भावकी वाकून आत डोकावत होती. “बरं,” एवढंच ते म्हणाले. पुढे निकाल लागला. मी पास झाले, पण फ्लेक्स लावावा असे काही मार्क नव्हते.

त्या संध्याकाळी मी मनात भाषण तयार करूनच गाळ्यात गेले. एक वर्ष द्या, मी काम शोधते, जोडीला चित्रं काढते, वगैरे. वडील खुर्च्या एकात एक रचत होते.

“पप्पा, परीक्षा झाली. गाळा आता भाड्याने देणार ना?”

हातातली खुर्ची तशीच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. वडिलांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“शेत व्हतं तवा दिस उगवायला घराबाहेर पडायचो,” ते म्हणाले. “शेत गेल्यावर बी तवाच जाग यायची, मग नुसताच गॅलरीत हुबा राहायचो. तू चित्रं काढ, नायतर नको काढू. पण गाळा दिला तर सकाळी उठून मी कुठं जाऊ?”