वाचून दाखवला, बरोबर आहे

फौजदारी कायदा मी दुबईत शिकलो, एका गोदामाच्या माडीवर. ज्यांनी तो शिकवला त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात वगैरे तेव्हा झाली नव्हती. आम्हा परदेशी लोकांचे खटले इंग्रजांच्या कोर्टात, हिंदुस्थानातल्याच कायद्याने चालायचे. त्यामुळे इंग्रजी लिहिणारा आणि आपल्या लोकांची बोली समजणारा कारकून पोलीस ठाण्यात हवा असे. ती नोकरी मिळावी म्हणून आम्ही सहाजण रोज संध्याकाळी मास्तरांच्या वर्गाला जायचो. मी दाभोळकडचा, मॅट्रिक झालेला, दिवसभर कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा. जन्मभर कापड मोजायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं होतं.

मास्तर मुंबईच्या फौजदारी कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ठाण्यात दुभाषाचं काम करायचे, संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. कलमं तोंडपाठ. शिकवायचेही झकास, हे नाकारून चालणार नाही. पंचनामा, पुरावा, साक्षीदाराला काय विचारावं, काय विचारू नये, सगळं ते असं समजावायचे की खाली गोदामात खजुराची पोती उतरवताना चाललेला आरडाओरडाही ऐकू यायचा नाही. एकदा मात्र ते म्हणाले, "आता पुस्तक ठेवा बाजूला, प्रॅक्टिकल शिका." जबाब घेताना म्हणे शेवटची ओळ आधी लिहायची: 'जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे.' तिच्याखाली अंगठा घ्यायचा, आणि मग वर सावकाश मजकूर भरायचा.

"अरे, आपली माणसं अर्ध्यातून उठून जातात. साहेबाला पेपर कम्प्लीट लागतो," मास्तर म्हणाले. आम्ही हसलो आणि ते वहीत उतरवून घेतलं. मग वाचून कधी दाखवायचं, हे सहा शहाण्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

वर्गात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं. म्हणून मास्तर मला ठाण्यात मदतनीस म्हणून नेऊ लागले. दोन महिने नीट काम केलं की ठाण्याचा इंग्रज साहेब मला कायम करणार होता. पहिले सात जबाब मी शिकवल्याबरहुकूम लिहिले. ओळ आधी, अंगठा आधी. सातांपैकी एकालाही वाचून दाखवलं नाही. सातही जण गुमान उठून गेले.

आठवा एक स्वयंपाकी होता. श्रीवर्धनकडचा, पन्नाशीचा, एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात कामाला. बंगल्यातली चांदीची सिगारेटची डबी नाहीशी झाली होती. शेवटची ओळ लिहून त्याचाही अंगठा मी आधीच घेतला. तो मराठीत सांगत होता, मास्तर मला इंग्रजी सांगत होते, मी लिहीत होतो. तो म्हणाला, "डबी मी पुसली नि टेबलावर ठेवली. मंग मी माशाला बाजारात गेलो." मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, 'डबी मी घेतली आणि बाजारात नेऊन विकली.' मला दोन्ही भाषा येत होत्या. तरी मी लिहिलं! वाटलं, मास्तरांना कायदा कळतो, त्यात काहीतरी असेल. आज लिहितानाही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

कागद भरला तेव्हा स्वयंपाकी म्हणाला, "पोरा, मी काय बोललो तां जरा वाच बघू."

"त्याची गरज नाही. खलास, झालं काम," मास्तर म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अब्बांच्या वयाचा माणूस. मी कागद उचलला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. विकली म्हटल्यावर तो उभाच राहिला. "ह्या मी बोललोच नाय!"

मी थेट साहेबाच्या टेबलापाशी गेलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा माणूस असं बोललेला नाही. साहेबाने शांतपणे कागद घेतला, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे अक्षर कोणाचं?

"माझं, सर."

म्हणजे तू त्याला वाचून दाखवलंस, त्याने बरोबर म्हटलं, अंगठा दिला. मग खोटं कधी बोललास, तेव्हा की आता?

मास्तर हसून म्हणाले, पोरगा नवा आहे, इंग्रजी कच्चं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओळ माझी होती. तो कागद कोर्टात टिकला. पुढच्याच बोटीने स्वयंपाक्याला मुंबईला परत धाडायचं ठरलं. मला ठाण्यातून काढलं, वर्गातूनही. मास्तर म्हणाले, "तुझ्यात शिस्त नाही." चोरी न करणारा माणूस चोर ठरला, आणि शिस्त माझ्यात नव्हती!

बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं मचव्याने तिच्यापर्यंत जायची. मी सकाळी धक्क्यावर गेलो. तो पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता, शेजारी शिपाई. मला वाटलं, थुंकेल माझ्यावर. थुंकला असता तर बरं झालं असतं.

"चाचा, मला माफ करा," मी म्हटलं.

"माफी नको. गावात जमात इचारील, चोरी करून आलास काय. तां काय झाला तां लिवून दे मला."

मी ट्रंकेवर कागद ठेवून लिहिलं. हा माणूस काय बोलला, मास्तरांनी काय सांगितलं, मी काय लिहिलं, आणि ते वाचून न दाखवताच त्याचा अंगठा आधी कसा घेतला. एकही शब्द वगळला नाही. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, शिपायासमोर. तो मान हलवत ऐकत होता. मचवेवाला 'यल्ला, यल्ला' ओरडत निघायची घाई करत होता, तरी त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

मी सवयीने कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने अंगठा मुठीत मिटून घेतला.

"मी नाय," तो म्हणाला. "ह्याच्यावर तू सही कर."